भरताने पादुका का मागितल्या?

इसापनीतीच्या मराठी पुस्तकांनी आपल्याला एक खोड लावून ठेवली आहे. कोल्हा द्राक्षांकडे पाठ फिरवून निघाला रे निघाला की खाली जाड ठशात ‘तात्पर्य’ हजर. गोष्ट आवडली की नाही हे कोणी विचारत नसे, तात्पर्य मात्र तोंडपाठ लागे. ही खोड पुढे सुटत नाही. सिनेमागृहातून बाहेर पडताना आपण खिशात तात्पर्य आहे ना, हे चाचपून पाहतो. शाळेत चित्रपट दाखवला की दुसऱ्या दिवशी मुलांना ‘मिळालेली शिकवण’ दहा ओळींत लिहायला सांगतात. पुरवण्यांमधून नामवंत मंडळी एखाद्या गाण्याने आपल्याला जगायला कसे शिकवले ते सांगतात. करमणुकीवर घालवलेल्या तीन तासांचा हिशेब द्यायचा तर पदरात काहीतरी पडलेले दिसले पाहिजे, अशी ही समजूत असावी.

मला हा हिशेब उलटा वाटतो. गाण्याने आणि सिनेमाने माणसाला आधार दिलेला मी पुष्कळ पाहिला आहे, पण त्यांतल्या उपदेशाने दिलेला फारच थोडा.

पुणे-नगर पट्ट्यात आता दशक्रिया विधीला प्रवचन असतेच. घाटावर मंडप, खुर्च्या, कर्णे. महाराज जन्ममरणाच्या फेऱ्याबद्दल बोलतात, मग आमदारांचे प्रतिनिधी, मग सोसायटीचे चेअरमन. तिकडे घरची माणसे कावळा पिंडाला शिवतो की नाही या काळजीत. प्रवचन वाईट असते असे नाही. काही महाराज खरोखर जीव ओतून बोलतात. पण जिचा नवरा गेला आहे त्या बाईच्या कानांपर्यंत त्यातले किती पोचते? तिला बरे वाटलेले असते ते आधीच्या एखाद्या रात्री ओसरीवर गावचे भजनी मंडळ बसले होते तेव्हा. टाळ वाजत होते, एक अभंग संपला की दुसरा, आणि त्या दोन-तीन तासांत तिच्याशी कोणी बोलत नव्हते, तिने काही बोलावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. महाराजांच्या प्रवचनात आणि त्या अभंगांत सांगितलेले तत्त्व एकच होते. फरक पडला तो ते कसे आणि किती वेळ कानावर पडले याचा.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या घराघरात आहे. सीताकांत लाडांच्या आग्रहावरून गदिमांनी पुणे आकाशवाणीसाठी ‘गीतरामायण’ लिहायला घेतले, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या, आणि 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून वर्षभरात 56 गीते प्रसारित झाली. त्यांतले एक गीत आज गीतरामायणातून सुटून स्वतंत्रपणे नांदते: चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते. शोकसभेत ते लागते, मृत्यूच्या जाहिरातीत त्याची एक ओळ छापली जाते, ज्यांनी बाकीची पंचावन्न गीते कधी ऐकली नाहीत त्यांनाही ते येते. मराठी माणसाला नियतीबद्दल काही म्हणायचे असेल तर तो या गाण्याच्या शब्दांत म्हणतो. जीवनविषयक धडा देणारे गाणे म्हणून याच्या जवळपास दुसरे उभे करणे अवघड आहे.

पण ते कोण कोणाला आणि कोणत्या घडीला म्हणतो आहे ते पाहा. बाप गेला आहे. आईनेच घात केला आहे. भरत सगळी अयोध्या घेऊन भावाला परत न्यायला अरण्यात आला आहे. त्याला राम कडव्यांमागून कडवी समजावतो, की यात कोणाचा दोष नाही, भेट आणि वियोग माणसाच्या हातात नाहीत. युक्तिवाद बिनतोड आहे. चाल अशी की वाद घालायची इच्छाच होऊ नये. आणि तरीही भरताचे समाधान होत नाही! गीतरामायणातले लगेच पुढचे गीत भरताचे आहे, आणि त्यात तो पादुका मागतो. तत्त्वज्ञान ऐकून घेतले, पटलेही असेल, पण नंदिग्रामात 14 वर्षे काढायची तर समोर ठेवायला काहीतरी हवे होते. आपण शोकसभेत पहिले गीत लावतो आणि पुढचे लावत नाही. मला वाटते, गाणी आणि सिनेमे माणसाच्या उपयोगी पडतात ते या पादुकांसारखे. त्या काही शिकवत नाहीत. गेलेले माणूस परत आणत नाहीत. समोर असतात आणि वाट पाहण्याला एक जागा देतात.

दुःखाची गोष्ट पाहून किंवा ऐकून बरे का वाटते, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याला एक व्यवहारी उत्तर दिले. करुणरसातून नुसते दुःखच मिळत असते तर त्याच्या वाटेला कोणी गेलेच नसते, आणि मग रामायणासारखी काव्येही दुःखाचीच कारणे ठरली असती, असे तो म्हणतो. म्हणजे रामायणाकडे लोक पुन्हा पुन्हा जातात हाच त्याचा पुरावा. मराठीत न. चिं. केळकरांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली: रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण आपण आहोत ही जाणीव ठेवून. त्यावर पुढे मराठी समीक्षेत पुष्कळ शाई खर्ची पडली आणि बरीच खडाजंगीही झाली. केळकरांचा सिद्धांत सगळ्या साहित्याला लागू पडतो की नाही हे पंडितांनी ठरवावे, पण सांत्वनाला तो चपखल बसतो. स्वतःच्या दुःखात आपण नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडालेले असतो. गाणे तेच पाणी थोडे दुरून दाखवते. बुडणारा आणि काठावरचा अशी दोन माणसे आपल्यात घटकाभर वेगळी होतात, आणि काठावरचा मोकळेपणाने रडू शकतो.

याउलट शिकवण द्यायला निघालेल्या सिनेमाचे काय होते? शांतारामबापूंचा ‘माणूस’ आठवा. 1935 च्या ‘देवदास’ने तरुण पोरांना प्रेमभंगाची आणि दारूची गोडी लावली, असे त्या काळी पुष्कळांचे मत होते. त्याला उत्तर म्हणून प्रभातने 1939 मध्ये ‘माणूस’ काढला. गणपत हवालदार आणि वेश्यावस्तीतली मैना यांची ही कथा. प्रेम हे आयुष्यापेक्षा मोठे नव्हे, जगणे चालू ठेवले पाहिजे, हा तिचा रोख. रोख अगदी योग्य. पण हिंदीत ‘देवदास’ 1955 मध्ये पुन्हा झाला, 2002 मध्ये पुन्हा झाला, आणि ‘माणूस’ला मात्र कोणी हात लावला नाही. प्रेमात हरलेल्या माणसाला शहाणपणाचा सल्ला नको असतो, हे याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की ‘माणूस’ आजही पाहावासा वाटतो तो त्याच्या सल्ल्यासाठी नव्हेच, शांता हुबळीकरांच्या मैनेसाठी. उद्याची चिंता कशाला, अशा अर्थाचे तिचे गाणे फार गाजले. आज कोणी ते आनंदी राहण्याचा मंत्र म्हणून ऐकेल. सिनेमात ते म्हणते कोण, तर जिला ‘उद्या’ असा नाहीच अशी बाई, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर. शब्द सांगतात मजेत राहा. पडद्यावरचा चेहरा काय सांगतो ते ज्याचे त्याने पाहावे. हुबळीकरांनी पुढे आत्मचरित्र लिहिले, त्यालाही नाव याच गाण्याच्या ओळीचे. त्यांच्या उतारवयाचे हाल ज्यांना माहीत आहेत त्यांना ते नाव वाचताना चरका बसतो.

शिकवणुकीत आणखी एक मोठी अडचण आहे: ती पाहणाऱ्याच्या घरातूनच निघते. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 2016 मध्ये आला. अजय-अतुलच्या संगीताचे पार्श्ववादन थेट लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले होते, आणि आपल्याकडे गावोगावच्या थिएटरांत पोरे पडद्यासमोर जाऊन नाचत होती. शेवटी मंजुळे आवाजच काढून घेतात. आर्ची-परश्याच्या घरी जे घडते त्यानंतर लहान मुलाची रक्ताळलेली पावले दिसतात, कानांवर काहीच पडत नाही. अडीच तास संगीताने ज्याला उचलून धरले होते त्या प्रेक्षकाला धप्पकन खाली ठेवण्याची ही रीत मला फार मोठी वाटते. पण ‘शिकवण’? जात माणसाला कसे मारते हे काहींनी पाहिले. काही बापांनी मात्र घरी जाऊन लेकींना सांगितले, पाहिलेस ना, पळून गेले की काय होते ते! सिनेमा एक, तात्पर्ये दोन, आणि दुसऱ्याने पहिल्याचा खून केलेला. ज्याला पडद्यातून धडा घ्यायचा आहे तो बहुधा घरून आणलेलाच धडा परत घेऊन जातो. त्या शेवटच्या शांततेने जो हादरला त्याला काही मिळाले असेल, पण ते दहा ओळींच्या निबंधात मावणारे नव्हे.

इथपर्यंत येऊन ‘श्यामची आई’ला टाळता येत नाही. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक तर उघड उघड संस्कारांचे. अत्र्यांनी त्याच्यावर 1953 मध्ये सिनेमा काढला आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. रात्री गोष्ट, गोष्टीत प्रसंग, प्रसंगात धडा, अशी सगळी रचना. मग हे पिढ्यान्‌पिढ्या रडवते कसे? माझ्या मते ते रडवते कारण धडा देणारी बाई स्वतः रोज हरते आहे. घर जाते, मान जातो, पोर जाते, आणि वनमालाबाईंच्या आईकडे पाहताना कळते, की ती श्यामला जे सांगते ते स्वतःला सावरण्यासाठीही सांगते आहे. ती उंच पाटावर बसलेली नाही. अत्र्यांसारख्या खळखळून हसणाऱ्या आणि कोणालाही न सोडणाऱ्या माणसाने हा सिनेमा केला याचे मला नेहमी नवल वाटते, आणि त्यानेच केला म्हणून तो गोडगिट्ट झाला नाही असेही वाटते.

तेव्हा उपदेश आला की कला संपली, असा सरसकट निवाडा मी करणार नाही. फडके-खांडेकरांच्या काळात कलेसाठी कला की जीवनासाठी कला यावर महाराष्ट्राने मनसोक्त भांडून घेतले आहे, आता ते मढे उकरण्यात मजा नाही. बोलणारा कुठे उभा राहून बोलतो आहे, माझा प्रश्न तेवढाच आहे.

प्रभातच्याच ‘संत तुकाराम’मध्ये (1936) हे फार सुंदर दिसते. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सात्त्विक, निश्चल. त्याच्या मुखी असलेला एक अभंग गाथेत नाहीच. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला आणि लोक त्याला तुकोबांचाच समजून चालले. (सांत्वनाला अस्सलपणाचा दाखला लागत नाही. संशोधकांनी यावर चिडण्यात अर्थ नाही.) पण त्या सिनेमात आपले मन गुंतते ते गौरीबाईंच्या जिजाईत. मुलांच्या पोटात काय घालू, म्हणून ती देवालाही फैलावर घेते. नवरा वैकुंठाला निघतो, ती संसारात मागे राहते. दामले-फत्तेलालांनी तिला चुकीची ठरवलेले नाही, तिला अक्कल शिकवलेली नाही. भक्तिपटात देवाशी भांडणाऱ्या बाईला इतकी हक्काची जागा आहे म्हणून तो भाविक नसलेल्यांनाही जवळचा वाटतो.

आजारपणात पाहायचा सिनेमा म्हणून लोक हमखास नाव घेतात ते हृषीकेश मुखर्जींच्या ‘आनंद’चे (1971). कर्करोगाने मरायला टेकलेला माणूस सगळ्यांना हसवत जातो. मला हा सिनेमा आवडतो, रमेश आणि सीमा देव यांच्या कुलकर्णी दांपत्यासकट आवडतो. पण त्याच्यातून काढलेल्या शिकवणुकीचा मला राग येतो. रुग्णाने हसतमुख राहावे ही अपेक्षा आपल्या समाजात आता जाचक झाली आहे. केमोथेरपीने उलट्या होऊन थकलेल्या माणसाला भेटायला येणारे सांगतात, ‘आनंद’ पाहा, असे जगले पाहिजे. म्हणजे दुखणे सोसायचे आणि वर पाहुण्यांची करमणूकही करायची! खरे तर त्या सिनेमात आपला माणूस आनंद नव्हेच, डॉ. भास्कर आहे. तो चिडका आहे, हतबल आहे, निदान बरोबर करून बसला आहे आणि उपाय त्याच्याकडे नाही. शेवटी मित्र गेल्यावर तो त्याच्यावर ओरडतो, की बोल, इतके दिवस बडबडत होतास. आणि टेपरेकॉर्डरवर आधी भरून ठेवलेला तो आवाज खोलीत घुमतो. ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाल्यापासून माणसाला मिळालेली ही नवी सोय आहे आणि नवी यातनाही. गेलेल्याचा आवाज तसाच्या तसा राहतो, उत्तर मात्र देत नाही. मोबाइलमध्ये वडिलांचा एखादा जुना आवाजी निरोप जपून ठेवलेली माणसे हा प्रसंग बरोबर ओळखतात. ‘आनंद’मधला आधार इथे आहे. हसत मरण्याच्या आदर्शाशी त्याचा संबंध थोडा.

आजार आणि संगीत म्हटले की कुमार गंधर्वांची गोष्टही निघतेच, आणि तीही बहुधा ‘जिद्द’ या मथळ्याखाली. क्षयाने ग्रासलेले कुमारजी 1948 मध्ये देवासला गेले, गाणे बंद झाले, काही वर्षे अंथरुणात गेली, आणि मग ते एका निकामी फुप्फुसानिशी पुन्हा उभे राहिले. यातली जिद्द कोण नाकारील? पण त्या अंथरुणावर काय चालले होते ते जास्त शिकण्यासारखे आहे, शिकायचेच असेल तर. माळव्यातल्या बायका सणावाराला, लग्नकार्याला, घरकामात गात असत ते त्यांच्या कानांवर पडत होते. त्यांनी त्या धुना नुसत्या ऐकल्या नाहीत, तपासल्या. या सुरावटींच्या पोटात राग दडलेले आहेत हे त्यांना दिसू लागले, आणि पुढे ‘धुनउगम राग’ म्हणून त्यांनी ते मांडले. त्या बायका त्यांना धीर द्यायला गात नव्हत्या. कुमारजीही धीर मिळावा म्हणून ऐकत नव्हते. त्यांना कुतूहल होते. मला वाटते, मन अशा वेळी स्वतःवरून हटते ते कुतूहलामुळे, आणि सांत्वन आडवाटेने येते. शब्द नसलेल्या संगीताला हे जास्त साधते, कारण त्यात पटण्या-न पटण्यासारखे काही नसतेच. विलंबित ख्यालात गायक षड्जावर रेंगाळतो तेव्हा तो आपल्याला काही सांगत नाही. त्याला घाई नसते, एवढेच. घाई नसलेला माणूस शेजारी असणे याची किंमत ज्याने इस्पितळाच्या बाकावर रात्र काढली आहे त्याला ठाऊक असते.

आता हीच गोष्ट दुर्मीळ होत चालली आहे. अभंगाचे एक चरण, सिनेमातला एक संवाद, मागे सूर्यास्त, अर्ध्या-एका मिनिटात स्टेटस. मी त्यावर नाक मुरडणार नाही. मध्यरात्री एकट्या पडलेल्या माणसाला त्याचाही आधार वाटत असेल. पण गीतरामायण एका वर्षात पसरले होते. एक गीत झाले की पुढच्यासाठी आठवडा थांबावे लागे. दुःखाची चालही तशीच असते, ते आठवड्या-आठवड्याने सरकते. अर्ध्या मिनिटात उरते ते फक्त तात्पर्य, कारण गाण्यातून वेळ वजा केला की बाकी तेवढेच राहते.

वेळ आणि गाणे यांची गाठ मराठीत सगळ्यात घट्ट बसली होती ती जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. पहाटेच्या अंधारात बाई दळते आहे, श्रोता कोणी नाही, असलीच तर खुंट्याला हात लावणारी दुसरी बाई. माहेर, भाऊ, सासूचा जाच, लेकीचे लग्न, पाऊस, पंढरी, सगळे त्यात येते. कोणी कोणाला शहाणे करत नाही. दळण सरेपर्यंत बोलायचे असते आणि पाळू फिरत असते.

यावर एक सणसणीत आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाच पाहिजे. या ओव्यांनी बायकांना धीर दिला म्हणजे जे सोसायला नको होते तेही सोसायला लावले, असे नाही का? भजनाने, ओवीने, सिनेमाने मन हलके होते, आणि हलके झालेले मन बंड करत नाही. आंबेडकरी चळवळीने सांत्वनाच्या परंपरेकडे संशयाने पाहिले ते उगाच नव्हे. तिने आपली गाणी वेगळी रचली. जलसे निघाले, वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले, आणि त्या गाण्यांत शिकवण अगदी उघड होती: शिका, माणूस म्हणून उभे राहा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर ती गाणी आणि पुस्तके घ्यायला जी गर्दी लोटते, तिला ही शिकवण जड होते असे दिसत नाही. माझ्या आतापर्यंतच्या मांडणीला हा खडा लागतो, आणि तो मी काढून टाकत नाही. वामनदादा ज्या वस्तीत गात होते त्याच वस्तीतले होते. ऐकणाऱ्याने जे भोगले ते गाणाऱ्यानेही भोगले होते. श्यामच्या आईबद्दल जे म्हटले ते इथे अधिकच लागू आहे, पण त्याने आक्षेपाचे पुरते निरसन होते असा माझा दावा नाही. भजनाने किती बायकांची बंडे थंड केली याची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

जात्याच्या बाबतीत मात्र थोडी नोंद आहे. त्याच लाखभर ओव्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीतल्या बायकांनी गायलेल्या ओव्या आहेत, नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रित झालेल्या. घाट तोच, चालही जात्याचीच. आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाचे आणि माहेरच्या भावाचे नाव घेतले जाई, तिथे त्या बायकांनी बाबासाहेबांचे नाव घातले आहे.